'टेम्पो करणे' : हॅम्बुर्गहून आकुर्डीला आलेल्या एका क्रियापदाची कथा

घर बदलायचे ठरले, की पिंपरी-चिंचवडमधील माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : "एक टेम्पो करू." या तीन शब्दांपैकी पहिला आणि शेवटचा शब्द अस्सल मराठी. मधला मात्र हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या पाटीवरून थेट आपल्या ओठांवर आलेला आहे. नवल असे, की ज्या जर्मन भाषेतून तो आला, तिथे त्याचे क्रियापद कधी झालेच नाही. ते मराठीने घडवले. हा धागा त्या घडणीचा.

आधी जर्मनीत या शब्दाचा अर्थ काय होतो, ते पाहू. बर्लिनच्या रस्त्यावर कोणी "टेम्पो, टेम्पो!" असे ओरडले, तर वाहन येते आहे असे समजून बाजूला होण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ "चला, आटपा, पाय उचला" इतकाच. निवासी वस्तीत 'टेम्पो ३०' असा फलक दिसला, तर तेथे ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी चालवायची नाही. आणि दुकानात जाऊन टेम्पो मागितला, तर दुकानदार कागदी रुमालाचे पाकीट पुढे करील. वेग, घाई आणि नाक पुसायचा रुमाल, या तिन्हींत मालवाहू गाडी कुठेच नाही.

शब्दाचे कूळ लॅटिन. 'टेम्पुस' म्हणजे काळ. त्याचे इटालियन रूप 'टेम्पो'. संगीताच्या परिभाषेत त्याला लयीचा, गतीचा अर्थ आला आणि संगीताबरोबर तो आल्प्स ओलांडून जर्मनीत पोहोचला. 'टेम्पुस'च्या पलीकडे काय, यावर व्युत्पत्तिकारांचे एकमत नाही. एक पक्ष त्याचा संबंध 'ताणणे' या अर्थाच्या आदिम धातूशी जोडतो, दुसरा 'कापणे' या अर्थाच्या. पहिल्या पक्षाचे म्हणणे मानले, तर मोठा गोतावळा एकत्र येतो. त्या धातूपासून संस्कृतातील 'तन्' आणि त्यामागोमाग तंतू, तंत्र, गायकाची तान, मराठीतील ताण आणि ताणणे ही सगळी प्रजा निघाली. जर्मन भाषेतील 'डेनेन' हे क्रियापदही त्याच घरचे, आणि त्याचा अर्थही ताणणे, लांबवणे असाच. टेम्पोतील सामानावर दोरी ताणणाऱ्या हमालाला हे सांगितले, तर तो एवढेच म्हणेल की गाठ नीट बसली पाहिजे.

या शब्दाला जर्मनीत खरा बहर आला तो पहिल्या महायुद्धानंतर. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील बर्लिन हे विजेचे दिवे, भुयारी रेल्वे, टंकलेखन यंत्रे आणि चलतचित्रे यांचे शहर होते. वेग हाच त्या काळाचा देव, आणि त्याचे नाव 'टेम्पो'. १९२८ मध्ये उल्श्टाइन या प्रकाशनसंस्थेने बर्लिनमध्ये एक नवे वृत्तपत्र काढले, नाव 'टेम्पो'. १९२९ मध्ये न्यूर्नबर्गच्या कागद कारखान्याचे ऑस्कर रोझेनफेल्डर यांनी वापरून फेकून द्यायच्या रुमालासाठी व्यापारचिन्ह नोंदवले, तेही 'टेम्पो'. धुण्यात वेळ कोण घालवणार, हा त्यामागचा हिशेब. आणि त्याच सुमारास हॅम्बुर्गमधील विडाल पितापुत्रांची तीनचाकी मालगाडी बाजारात आली. तिच्याही नाकावर तेच नाव.

यांपैकी दोन 'टेम्पों'चे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे. उल्श्टाइन आणि रोझेनफेल्डर ही दोन्ही घराणी ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, त्याच वर्षी ते वृत्तपत्र बंद पडले. पुढच्या वर्षी उल्श्टाइन कुटुंबाच्या हातून प्रकाशनसंस्थाही गेली. रोझेनफेल्डर बंधूंना देश सोडून पळावे लागले. त्यांचा कारखाना गुस्टाफ शिकेडान्झ या उद्योजकाच्या हाती गेला. रुमालाचे नाव राहिले, नाव देणारा राहिला नाही. आज जर्मन माणूस सर्दी झाली की ज्या सहजतेने 'टेम्पो' मागतो, त्या सहजतेखाली हे दडपलेले आहे.

तिसरा टेम्पो, म्हणजे विडालांची गाडी, मात्र आपल्या कथेचा नायक. त्या गाडीचा जन्म एका कायद्याच्या आडोशाने झाला. १९२८ पासून जर्मनीत चारांपेक्षा कमी चाकांच्या आणि २०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला वाहनकर नव्हता, आणि ते चालवायला परवानाही लागत नव्हता. बेकरीवाला, भाजीवाला, कोळसेवाला, ज्याची झेप मोटारीपर्यंत जात नव्हती, असा प्रत्येक छोटा धंदेवाईक या सवलतीकडे डोळे लावून होता. तीनचाकी गाड्यांचे पेव फुटले. ब्रेमेनची 'गोलियाथ' आणि हॅम्बुर्गची 'टेम्पो' हे त्यातले दोन मोठे प्रतिस्पर्धी. म्हणजे नाव वेगाचे असले, तरी गिऱ्हाईक वेगासाठी येत नव्हते. हातगाडीपेक्षा बरे आणि ट्रकपेक्षा स्वस्त काही तरी हवे, एवढीच त्याची मागणी होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तीच पुढे आकुर्डीत पुन्हा घडते.

महायुद्धानंतर १९४९ मध्ये विडालांनी 'हान्सेआट' नावाची तीनचाकी आणली. हान्सेआट म्हणजे हान्सा संघातल्या नगरांचा नागरिक. हान्सा हा मध्ययुगातील व्यापारी नगरांचा बलाढ्य संघ. ल्युबेक, ब्रेमेन, हॅम्बुर्ग ही त्यातली नामांकित शहरे. मूळ शब्दाचा अर्थ जथा, टोळी. मराठीत जवळचा शब्द शोधायचा, तर 'तांडा' म्हणावे लागेल. माल वाहून नेणाऱ्या गाडीला याहून साजेसे नाव मिळणे अवघड. रचनाही सरळ : इंजिन थेट पुढच्या चाकावर बसवलेले, साखळीने तेच चाक फिरवणारे आणि चाक वळले की त्याच्यासह वळणारे. मागच्या चाकांपर्यंत फिरता दांडा न्यायचा नसल्यामुळे मागचा हौदा मोकळा, बुटका, माल चढवायला सोपा. दुचाकीची दुरुस्ती येणाऱ्या कारागिरालाही ते इंजिन उघडायला भीती वाटू नये, इतका साधेपणा.

पण जर्मनी झपाट्याने श्रीमंत होत होती. गिऱ्हाइकाला आता चार चाके हवी होती. विडालांकडे 'माटाडोर' ही चारचाकी तयारच होती; पहिली काही वर्षे तिला फोक्सवागनचे इंजिन होते. १९५६ मध्ये हान्सेआटचे उत्पादन थांबले. हॅम्बुर्गच्या दृष्टीने ती गाडी इतिहासजमा झाली.

दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, ती भारतात जन्माला आली. नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नवलमलांनी विडाल कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून हान्सेआट येथे बनवायला घेतली. पुढे बजाज समूहाच्या सहभागाने कंपनीचे नाव 'बजाज टेम्पो' झाले, आणि साठच्या दशकात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत आकुर्डीत तिचा कारखाना उभा राहिला. शेजारीच बजाज ऑटोचा. खंडोबाचे देऊळ आणि भोवतालची शेती एवढीच ज्याची ओळख, त्या गावाचा पत्ता काही वर्षांत देशभरातल्या वाहनांच्या कागदपत्रांवर छापला जाऊ लागला. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी मिळून नवनगर नगरपालिका झाली. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली.

परदेशात बंद झालेले प्रतिरूप परवाना घेऊन येथे बनवणे, याबद्दल आज नाक मुरडणे सोपे आहे. तो दोष त्या काळच्या बहुतेक भारतीय वाहनउद्योगाचा होता. पण हान्सेआटच्या बाबतीत ही टीका नेमकी लागू पडत नाही. १९५८ च्या महाराष्ट्रात मालवाहतुकीची एक पायरीच गहाळ होती. खाली हातगाडी आणि बैलगाडी, वर ट्रक. मध्ये रिकामी जागा. मंडईतून उपनगरातल्या दुकानापर्यंत दहा पोती कांदे न्यायचे, तर माणूस किंवा बैल जुंपायचा, नाही तर पूर्ण ट्रक भरेपर्यंत थांबायचे. हॅम्बुर्गच्या बेकरीवाल्याची १९२८ मधली अडचण आणि पुण्याच्या किराणा दुकानदाराची १९५८ मधली अडचण एकाच जातीची होती. तिथे जुने झालेले यंत्र इथे वेळेवर आले.

गाडीवर नाव ठळक होते, आणि त्या प्रकारच्या दुसऱ्या गाड्या रस्त्यावर तुरळक. मग लोकांनी तेच केले, जे लोक अशा वेळी करतात : विशेषनामाचे सामान्यनाम केले. 'टेम्पो' म्हणजे अमुक कंपनीची गाडी, हा अर्थ मागे पडून 'टेम्पो' म्हणजे लहान मालवाहू वाहन, हा अर्थ स्थिर झाला. जर्मन भाषेत हा शब्द नपुंसकलिंगी. मराठीने त्याला पुल्लिंगी केले. 'तो टेम्पो', जसा तो टांगा, तो छकडा, तो ट्रक. व्याकरणाच्या दृष्टीने टेम्पो घरचा झाला, तो क्षण हाच. टेम्पोवाला, टेम्पो स्टँड, 'टेम्पो भाड्याने मिळेल' ही पाटी, हे सगळे त्यानंतरचे. परिवहन कार्यालयाच्या कागदावर मात्र आजही 'मालवाहू वाहन' असते. कायद्याला टेम्पो ठाऊकच नाही.

इथवरची कथा नामाची. आता क्रियापद.

व्यापारी नावांची क्रियापदे बनवण्यात जर्मन भाषेचा हात धरणारी भाषा विरळा. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'आइनवेकेन' या क्रियापदाचे. फळे आणि भाज्या काचेच्या बरणीत घालून, रबरी कड्याने हवाबंद करून, उष्णतेने टिकवण्याची एक पद्धत होती. योहान वेक यांनी १९०० मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने त्या बरण्या घरोघरी पोहोचवल्या. जर्मन गृहिणींनी मालकाच्या आडनावालाच उपसर्ग आणि प्रत्यय लावले : मागे 'आइन', म्हणजे आत, पुढे 'एन', जो जर्मन क्रियापदाचा नेहमीचा शेवट, मध्ये वेक. १९०७ मध्ये ते डुडेन या प्रमाण शब्दकोशात दाखलही झाले. तेव्हापासून एका माणसाचे आडनाव वर्तमानकाळात, भूतकाळात, एकवचनात, अनेकवचनात चालवले जाते. गंमत अशी, की 'वेकेन' असे एक जुने जर्मन क्रियापद आहेच. त्याचा अर्थ 'जागे करणे'. शब्दाच्या पोटात शिरून अर्थ शोधणाऱ्याला वाटेल, की बरणीतल्या चेरींना कोणी तरी उठवते आहे. अशा आंधळ्या कोशिंबिरीत व्युत्पत्तिशास्त्राचा निम्मा आनंद आहे.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये नव्या किरणांचा शोध लावला. त्यांचे आडनाव आधीच 'एन'ने संपणारे, त्यामुळे त्याचे क्रियापद करायला काहीच जोडावे लागले नाही. 'राँटगेन' म्हणजे क्ष-किरणांनी तपासणे. स्वतः शास्त्रज्ञांनी त्या किरणांना अज्ञाताचे चिन्ह दिले होते. मराठीने तेच उचलून बीजगणितातल्या सवयीप्रमाणे 'क्ष' केले. जर्मनांनी माणूस घेतला, आपण त्याची नम्रता घेतली. केस वाळवण्याच्या यंत्राचे 'फ्योन' हे व्यापारी नाव आल्प्समधून वाहणाऱ्या उबदार वाऱ्याच्या नावावरून आले, आणि त्याचेही 'फ्योनेन' झाले. एवढे सगळे क्रियापदांत ओतणाऱ्या भाषेने टेम्पो गाडीला मात्र तसेच सोडले. वेगासाठी तो शब्द आधीच गुंतलेला होता, आणि रुमालाने उरलेली जागा व्यापली.

मराठीची रीत वेगळी. एके काळी मराठीही परक्या शब्दांना थेट प्रत्यय लावी. खर्च आला आणि 'खर्चणे' झाले. 'बदलणे', 'नवाजणे', 'फर्मावणे' ही फारसी-अरबी मुळांची क्रियापदे आज इतकी मुरली आहेत की ती परकी वाटत नाहीत. इंग्रजी अमदानीत मात्र ही खोड सुटली. नव्या शब्दाला हात न लावता त्याच्या शेजारी एक मराठी क्रियापद उभे करायचे, ही पद्धत रूढ झाली. फोन लावणे, झेरॉक्स काढणे, ब्रेक मारणे. म्हणून 'टेम्पोवणे' झाले नाही. 'टेम्पो करणे' झाले. जर्मन शब्दाच्या अंगाला प्रत्यय चिकटवतो, मराठी त्याला सोबती देते. आणि अर्थाचा सारा भार तो सोबती वाहतो.

'करणे' या सोबत्याकडे नीट पाहावे. रिक्षा करतात, टांगा करतात, टॅक्सी करतात, होडी करतात. पण गावाला जाताना कोणी 'एसटी करत' नाही, एसटीने जातो. लग्नाच्या वऱ्हाडासाठी मात्र 'बस केली' असे म्हणतात. नियम स्पष्ट आहे : वाहन संपूर्ण आपल्या ताब्यात, आपल्या ठरवलेल्या कामापुरते, आपल्या सांगण्यावरून चालणार असेल, तरच ते 'करता' येते. हिंदी पट्ट्यातील अनेक शहरांत टेम्पो म्हणजे वाटेत थांबत प्रवासी घेणारी तीनचाकी, म्हणून तिथे टेम्पो 'पकडतात'. काठमांडूतही बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी तीनचाकीला 'सफा टेम्पो' म्हणतात. मराठीत टेम्पो पकडायची वस्तू झाली नाही. ती करायची वस्तू झाली, आणि या एका क्रियापदात सामाजिक इतिहासाचा एक दस्तऐवज आहे. ज्याच्याकडे कधी स्वतःची गाडी नव्हती, बैल नव्हता, त्या भाडेकरूला, कामगाराला, फेरीवाल्याला एका दुपारपुरते अख्खे वाहन हुकमी मिळू लागले. कपाट, पलंग, तुळशीचे वृंदावन आणि वर बसलेली दोन मुले, एवढे सारे एका खेपेत.

पण हा केवळ भाडे देणाऱ्याचा शब्द आहे. टेम्पोची बाकीची क्रियापदे ऐकली, की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूची माणसे दिसतात. हमाल टेम्पो 'भरतो'. घेणारा हप्त्यांवर टेम्पो 'काढतो'. आणि मालक तो कंपनीत 'लावतो'. हे शेवटचे क्रियापद पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचे खास. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भोसरी-चिंचवडच्या आणि पुढे चाकणच्या परिसरातल्या शेतजमिनी टप्प्याटप्प्याने संपादित झाल्या. जमिनीचा मोबदला हाती आला, पण कसायला रान उरले नाही. कारखान्यातली नोकरी प्रत्येकाला मिळणारी नव्हती. तेव्हा या गावांतल्या अनेक घरांनी जो मार्ग धरला, तो टेम्पो काढण्याचा आणि कंपनीत लावण्याचा. लघुउद्योगाच्या शेडमधून सुटे भाग उचलायचे आणि मोठ्या कारखान्याच्या फाटकावर वेळेत उतरवायचे. बैल नांगराला जुंपतात, टेम्पो कंपनीला लावतात. मात्र कंपनीने काम काढून घेतले, तर हप्ता थांबत नाही आणि जमीन परत येत नाही. 'टेम्पो लावला' या वाक्यातली निश्चिंती आणि 'टेम्पो बसून आहे' या वाक्यातली धास्ती या पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

मराठीत आणखी एक टेम्पो आहे, त्याचाही येथे उल्लेख हवा. "दुसऱ्या अंकात नाटकाचा टेम्पो घसरतो" असे समीक्षक लिहितो, तेव्हा त्याच्या मनात मालगाडी नसते. तो इटालियन शब्द इंग्रजीच्या वाटेने आला आणि लयीचा अर्थ सांभाळून राहिला. दोन्ही सख्खे भाऊ. एक रंगमंदिरात गेला, दुसरा मंडईत. त्यांची फारशी गाठ पडत नाही, अपवाद नाटकाच्या नेपथ्याचे सामान हलवण्याचा.

हॅम्बुर्गमध्ये दरम्यान मूळ नाव मिटत गेले. साठच्या दशकाच्या मध्यास विडालांची कंपनी हानोमागने घेतली. तो वाहनव्यवसाय पुढे डाइमलर-बेंझकडे गेला. टेम्पोच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांवर मर्सिडीजचा तारा आला. आकुर्डीच्या कंपनीने ते नाव अनेक दशके अधिक वागवले. मॅटॅडोर आली, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली. २००५ मध्ये कंपनीने 'बजाज टेम्पो' सोडून 'फोर्स मोटर्स' हे नाव घेतले. लोकांनी मात्र सोडले नाही. अष्टविनायकाला जाणारे कुटुंब आजही 'टेम्पो ट्रॅव्हलर'च ठरवते. योगायोग असा, की त्याच २००५ मध्ये टाटा मोटर्सने 'एस' ही चिमुकली चारचाकी आणली. महाराष्ट्राने तिचे नाव 'छोटा हत्ती' ठेवले, पण घर हलवायला तीच दारात उभी राहिली, तरी वाक्य बदलले नाही : "टेम्पो केला." चाके तीनची चार झाली, कंपनी बदलली, इंजिन बदलले, शब्दाला कशाचीच गरज उरली नव्हती. २००९ मध्ये ज्या फोक्सवागनचे इंजिन कधी काळी हॅम्बुर्गच्या माटाडोरमध्ये बसत असे, तिचा कारखाना चाकणला सुरू झाला. तिच्या नावाचा अर्थच 'लोकांची गाडी', पण मराठी लोकांनी त्याचे सामान्यनाम केले नाही.

आकुर्डीने शब्द केवळ आयात केले, असेही नाही. टेम्पोच्या शेजारच्या कारखान्याची प्रवासी तीनचाकी समुद्रापार गेली. जाकार्ताच्या रस्त्यावर तिला 'बजाय' म्हणतात. लिहितात मात्र बजाज. टांझानियात स्वाहिली बोलणारा माणूस कुठल्याही ऑटोरिक्षाला 'बजाजी' म्हणतो. हे आडनाव मुळात धंद्याचे. अरबी 'बज्ज' म्हणजे कापड, 'बज्जाज' म्हणजे कापड विकणारा. दार-एस-सलामच्या नाक्यावर बजाजी थांबवून भाडे ठरवणाऱ्या प्रवाशाला त्यातला कापडवाला दिसत नाही, जसा घर बदलणाऱ्या आकुर्डीकराला टेम्पोतला काळ दिसत नाही. भाडे दोघेही घासाघीस करूनच ठरवतात.